टेस्टिंगची रेकॉर्ड

माझ्याकडे एकाच रेकॉर्डच्या सहा प्रती आहेत. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या बायकोकडे बघतात. ती म्हणते, "माझ्याकडे नका बघू. मी विचारून थकले."

रेकॉर्ड जर्मनीतली आहे, सत्तरच्या दशकातली. तिच्या एका बाजूला माणसाचा आवाज अजिबात नाही. सगळं यंत्रांवर वाजवलेलं. एक ठेका सुरू होतो, त्याच्यावर दुसरा येऊन बसतो, मधूनच एखादी शिट्टीसारखी सुरावट लांबून येते आणि निघून जाते. बाजू संपेपर्यंत हे असंच चालतं. आता जगभरचे लोक तिला मोठी मानतात. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी सातवीत होतो आणि सुट्टीत भडगावहून जळगावला मामाकडे आलो होतो.

मामा जळगावच्या एका पाईपच्या कारखान्यात फिटर होता. कारखान्यात जर्मनीहून पाईप ओढायची नवी मशीन आली, ती शिकायला मामाला सहा आठवडे तिकडे पाठवलं. येताना त्याने आजोबांसाठी मफलर, आम्हा मुलांसाठी चॉकलेटं आणि ही रेकॉर्ड आणली. ज्या जर्मन मेकॅनिकने त्याला मशीन शिकवली, त्याने निरोपाच्या दिवशी हातात ठेवली होती. मामाकडे रेकॉर्ड वाजवायला काहीच नव्हतं. ते त्या माणसाला सांगणं त्याला बरं वाटलं नाही. "इतक्या प्रेमाने दिली, आता काय नाही म्हणू?" असं तो म्हणायचा.

समोर एक मारवाडी शेठ राहायचे, कापडाचे व्यापारी. त्यांच्या दिवाणखान्यात लाकडी पेटीतला मोठा रेडिओ होता, त्याच्या वर रेकॉर्ड लावायची सोय. एका रविवारी सकाळी मामा मला घेऊन तिकडे गेला. शेठनी स्वतःच्या हाताने रेकॉर्ड लावली आणि मांडी घालून ऐकायला बसले. तीन-चार मिनिटं गेली.

"म्युझिक चांगलं आहे," शेठ म्हणाले. "आता गाणं केव्हा येणार?"

"शेठ, हेच गाणं आहे," मामा म्हणाला.

शेठ खरे सज्जन. त्यांनी पूर्ण बाजू ऐकली, मधे उठले नाहीत, हिशेबाच्या वहीकडे हात नेला नाही. संपल्यावर म्हणाले, "मशीन चालू स्थितीत दिसते."

मामा रस्ताभर हसत होता. मला मात्र असं वाटत होतं की कोणीतरी मला मोठ्या, स्वच्छ, रिकाम्या कारखान्यात फिरवून आणलं आहे. घरी आल्यावर मामाने रेकॉर्ड बोटाने वाजवून दाखवली. "आपला पाईप आणि ही, एकाच घराण्यातली. दोन्ही पीव्हीसी," तो म्हणाला. मला त्या दिवशी मामाच्या कारखान्याबद्दल फार आदर वाटला.

पुढे मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि धुळ्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये लॅबमध्ये लागलो. नोकरी लागली तेव्हा मामाने ती रेकॉर्ड मला दिली. भंगारातला एक प्लेअर मी चालू केला आणि त्याच्यावर पहिली रेकॉर्ड वाजली ती ही. मग बऱ्याच वर्षांनी इंटरनेट घरात आलं आणि मला कळलं की माझ्यासारखे वेडे आणखी आहेत. त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकलो. रेकॉर्डच्या शेवटच्या खाचेच्या आणि मधल्या गोल कागदाच्या मध्ये एक गुळगुळीत पट्टी असते. तिच्यावर कारखान्यात कोरलेला नंबर असतो. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की तो दिसतो, आणि त्यावरून ती कोणत्या देशात, कितव्या खेपेला निघाली ते कळतं. मी मामाची रेकॉर्ड खिडकीत तिरकी धरली. पहिल्या खेपेची निघाली.

झालं. पहिल्या खेपेची फ्रान्समधली कशी वाजत असेल? इंग्लंडमधली? जपानची तर म्हणे फारच स्वच्छ. एकेक करत त्या आल्या, पुठ्ठ्यात पुठ्ठा घालून, वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने. प्रत्येकीच्या आवाजात फरक आहे असं मी शपथेवर सांगू शकतो. बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिने एकदा माझे डोळे बांधून माझी परीक्षा घेतली. सहापैकी दोन ओळखल्या. त्यानंतर मी शपथेवर वगैरे म्हणणं बंद केलं.

एक प्रत मात्र माझ्याकडे नव्हती. त्या काळी परदेशी रेकॉर्डी आपल्याकडेही छापल्या जात. ही रेकॉर्ड भारतात छापली होती का, यावर आमच्या ग्रुपवर भांडणं व्हायची. कोणी म्हणे निघालीच नाही, कोणी म्हणे थोड्या निघाल्या आणि खपल्या नाहीत. मी कोलकात्यापासून कोचीपर्यंत विचारून पाहिलं होतं. कोणाकडेही नव्हती.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आम्ही घराला रंग काढला. रंगारी पिंपळनेरजवळच्या एका खेड्यातले, चाळिशी ओलांडलेले, अबोल. बाहेरच्या खोलीचं छत रंगवायला ते शिडीवर चढले होते. मी आतल्या खोलीत रेकॉर्ड पुसत बसलो होतो, त्यातली एक लावून ठेवली. पाच मिनिटं झाली असतील. पाहतो तर रंगारीभाऊ शिडीवरून उतरून दारात उभे, हातात ब्रश तसाच.

"सर, हाई टेस्टिंगनं गानं शे ना?"

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. "तुम्ही हे ऐकलंय?"

"ऐकं म्हंजे? आमना गावमा लगीन ऱ्हायनं का आबा पहिले हाईच लावे. लाऊडस्पीकर बांधा, हाई लावी, मंग बठ्ठा गावले समजे, मांडो पडना." म्हणजे सगळ्या गावाला कळायचं की लग्नाचा मांडव घातला. ते थांबले आणि कान देऊन ऐकू लागले. मग जरा संकोचून म्हणाले, "पन सर, तुमनं हळू वाजी ऱ्हायनं. मशीनमा काही बिघाड शे का?"

माझ्या मशीनमध्ये बिघाड नव्हता. मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगाला ती काटेकोर तेहतीस फिरत होती, मी स्वतः तपासली होती. पण भांडायला मला सुचलंच नाही. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि सगळं विचारून घेतलं. लाऊडस्पीकरवाले आबा पिंपळनेरला राहतात. आता वय झालं, धंदा केव्हाच बंद केला. त्यांच्या पेटीत ती रेकॉर्ड होती. अजून आहे की नाही, देव जाणे.

त्या दिवशी छताचा अर्धाच हात झाला. बायको शाळेतून आली तेव्हा मी आणि रंगारीभाऊ दोघं ती रेकॉर्ड पुन्हा ऐकत बसलो होतो.

पुढच्या रविवारी मी आणि बायको साक्रीवरून पिंपळनेरला गेलो. बायको म्हणाली, "तुमची रेकॉर्ड मिळो न मिळो, मी तिथली नागली घेऊन येईन." नागली म्हणजे नाचणी. आबांचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्या आणि बाजूला पत्र्याची शेड. आबा अंगणात खाटेवर बसून शेंगा फोडत होते. सत्तरी ओलांडलेले, काटक, डोक्यावर टोपी, सदऱ्याच्या खिशाला टेस्टर लावलेला. धंदा बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी टेस्टर खिशात.

"आबा, लाऊडस्पीकरवाला तुमीच ना?" मी विचारलं. नोकरीला लागल्यापासून माझी अहिराणी जवळपास सुटली होती, पण त्या अंगणात तिचे शब्द अधूनमधून आपोआप तोंडात येऊ लागले.

"व्हतू," आबा म्हणाले. "आते डीजे शे. तेना नंबर देऊ का?"

मी येण्याचं कारण सांगितलं. आबांनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली आणि माझ्याकडे, मग माझ्या बायकोकडे नीट बघितलं. माणूस शहाणा आहे की नाही याची खात्री तिच्याकडून करून घेत असावेत. तिने मान हलवली. आबा उठले.

शेडमध्ये चार भोंगे एकात एक घालून ठेवले होते. त्यांच्यामागे हिरवी पत्र्याची पेटी. पेटीत छोट्या रेकॉर्डी, शंभरावर असतील, प्रत्येक वर्तमानपत्राच्या पाकिटात. मोठी एकच, झाकणाला आतून पट्टी ठोकून तिच्यामागे अडकवलेली. मूळचं कव्हर कधीच गेलं होतं. खताच्या गोणीची पिशवी शिवून तिच्यात ती ठेवली होती. आबांनी ती काढून माझ्या हातात दिली.

ज्या लोकांना रेकॉर्ड जमवण्याचा नाद आहे त्यांना मी काय बघितलं ते सांगितलं तर ते डोळे मिटून घेतील. एवढे चरे की काळा रंग करडा दिसत होता. मधलं भोक मोठं झालेलं. आणि गोल कागदावर पांढऱ्या ऑइल पेंटने मोठ्या अक्षरात लिहिलेलं: टेस्टिंग. मी ती दारातल्या उन्हात तिरकी धरली. पेंटच्या खाली कडेला बारीक अक्षरं होती. मेड इन इंडिया. पट्टीवरचा कोरलेला नंबर माझ्या सहाही प्रतींपेक्षा वेगळा, थोडा वाकडा, घाईत कोरल्यासारखा. मी ती पुन्हा पुन्हा उलटीपालटी करू लागलो. बायकोने ते बघितलं आणि रेकॉर्ड माझ्या हातातून काढून घेतली.

"आबा, ही तुम्हाला मिळाली कुठे?" तिने विचारलं.

"धुयामा," आबा म्हणाले, म्हणजे आमच्याच धुळ्यात. "दुकानदारनी फुकट दिधी. म्हने, कोनी लेत नही, तू लई जाय. मी लावीसन देखी. गानारा नही, गानारी नही. पन बारीक आवाज भलता साफ. भोंगा कोठे फाटस, युनिट कोठे खरखरस, लगेच समजे. मंग मी टेस्टिंगलेच ठी दिधी."

आतून त्यांची बायको पाणी घेऊन आली. सगळे तिला अक्का म्हणतात. तिने रेकॉर्ड बघितली आणि कपाळाला हात लावला. "हाई आजून शे का? मनी सवत!"

मग तिने सांगितलं. तिच्या स्वतःच्या लग्नात लाऊडस्पीकर आबांचाच होता, कारण दुसऱ्याचा लावणं आबांना पटणार नव्हतं. ऐन वेळी भोंग्याची वायर सुटली. वऱ्हाडातला कोणी हात लावेल तर आबांना ते चालेना. "नवरदेव बाशिंग बांधीसन लिंबना झाडवर चढना," अक्का म्हणाली. "मनी माय म्हने, पोर वांदरले दिधी का काय!" त्या वेळी झाडावरच्या भोंग्यातून हीच रेकॉर्ड वाजत होती. माझी बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. आबा गंभीरपणे म्हणाले, "कनेक्शन लूज व्हतं."

रेकॉर्ड वाजवून बघावी म्हटलं तर आबांचा प्लेअर चालत नव्हता. मोटर फिरायची, पण तबकडीला गती देणारं रबरी चाक कडक होऊन चिरलं होतं. अशी चाकं आता मिळत नाहीत. मी माप घेऊन गेलो, पुढच्या रविवारी पाण्याच्या मोटारीच्या दुकानातून आणलेली रबरी रिंग घासून बसवली. ती निसटली. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरी बसवली, नवी पिन घातली, तेल दिलं. तीन रविवार मी आणि आबा शेडमध्ये जमिनीवर बसून काम केलं. आबांचे डोळे अधू झाले होते, पण बोटांना सगळं आठवत होतं. मी स्क्रू शोधत असताना ते न बघता बरोबर स्क्रूवर बोट ठेवायचे. बायको अक्काबरोबर बाजार करायची, परत येताना गाडीत नागली, कांदे आणि एकदा तर जिवंत कोंबडी असायची.

तिसऱ्या रविवारी प्लेअर फिरला आणि आम्ही त्याला एक भोंगा जोडला. वेग बदलायची दांडी गंजून पंचेचाळीसवर घट्ट बसली होती. मी ती सोडवली, साफ केली आणि अभिमानाने तेहतीसवर आणली. मोठी रेकॉर्ड त्याच वेगाला वाजवायची असते. पिन टेकवली. खरखरीतून ओळखीचा ठेका सुरू झाला. मी डोळे मिटले.

"काय व्हयनं तिले?" आबांचा आवाज आला. "मांदी पडनी का?" मांदी म्हणजे आजारी.

मी डोळे उघडले. अक्काही दारात येऊन उभी राहिली. "झोप उनी तिले," ती म्हणाली.

मला रंगारीभाऊंचं बोलणं आठवलं आणि एकदम उजेड पडला. विचारलं तर कळलं, आबांच्या प्लेअरची दांडी धंद्याच्या पहिल्याच वर्षी पंचेचाळीसवर अडकली होती. लाऊडस्पीकरवाल्याचं काम छोट्या रेकॉर्डींवर चालायचं, त्या पंचेचाळीसच्याच. मोठ्या रेकॉर्डी आबांनी कधी घेतल्याच नाहीत. ही एकच होती, आणि तिच्यात गाणारा नसल्यामुळे ती जोरात पळतेय हे कोणाला कळायला मार्ग नव्हता. अख्खा पिंपळनेर परिसर तीस-पस्तीस वर्षं ती चुकीच्या वेगाने ऐकत होता.

मी आबांना सगळं समजावून सांगितलं. कव्हरवर काय लिहिलेलं असतं, ज्यांनी ती बनवली त्यांना काय अपेक्षित होतं, वगैरे. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "आते पंचेचाळीसवर लावा."

मी लावली. आणि इथे मला कबूल केलं पाहिजे. मी ती रेकॉर्ड हजारदा ऐकली असेल. पण त्या शेडमध्ये पंचेचाळीसच्या वेगाने ती सुरू झाली आणि माझा पाय हलायला लागला. तो रिकामा स्वच्छ कारखाना गेला, तिथे वरात आली. शिट्टीसारखी सुरावट तर थेट सनईच्या अंगाने जात होती. आबा मांडीवर ताल देत होते. अक्का म्हणाली, "हाई आपली!" आणि आत निघून गेली. माझी बायको माझ्याकडे बघत होती. "ही मी ओळखली असती, डोळे बांधूनही," ती म्हणाली.

चहा पिताना मी धीर करून विषय काढला. माझ्याकडची जर्मन प्रत, एकही चरा नसलेली, मी आबांना देतो. त्यांनी मला ही द्यावी.

"हाई घासायेल रेकॉर्ड? तुमले काय करनं शे तिनं?"

"जपून ठेवीन, आबा. अशी दुसरी मी कुठेच पाहिली नाही."

"वाजाडशात का?"

मी खरं ते सांगितलं. ऐकायला मी एकच प्रत वापरतो. बाकीच्या प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात उभ्या. त्यांना धूळ लागू नये, पिन घासू नये म्हणून.

आबांना काही कळेना. "मंग त्या बठ्ठ्या कपाटमा काय करतस?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. नंबर, खेप, देश, हे सगळं मी ग्रुपवर तासन्‌तास बोलू शकतो. त्या अंगणात त्यातलं काहीच सांगण्यासारखं वाटेना. "विचार करसू," आबा म्हणाले, आणि विषय तिथेच राहिला.

मे महिन्यात आबांचा फोन आला. नातीचं लग्न होतं. "तुमी दोन्ही या. आनि तुमनी पान्हा-पेचकसनी पेटी लई या."

हळदीच्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. नातीच्या वडिलांनी साक्रीचा डीजे बोलावला होता. दारासमोर स्पीकरच्या पेट्यांची भिंत उभी केलेली, एकेक पेटी माझ्या कपाटाएवढी. डीजेवाला तिशीतला, नम्र माणूस होता, पण अडचणीत सापडलेला. आबांनी त्याला सांगितलं होतं की आधी माझं टेस्टिंग होईल, मग तुझं. घरातले लोक आबांना समजावत होते. नवरी, म्हणजे नातच, हळदीच्या पाटावरून उठून बाहेर आली आणि म्हणाली, "आबा जसं सांगतील तसं होईल. माझ्या लग्नात नाही वाजणार तर कोणाच्या?" मग कोणी काही बोललं नाही.

भोंगा बांधायला रंगारीभाऊ आपली शिडी घेऊन आले. तेही पाहुणे होते, नवे कपडे घालून. लिंबाच्या झाडावर चढून त्यांनी एक भोंगा बांधला. आबा खालून ओरडत होते, "डावा हातले फिराव! गावकडे तोंड कर तेनं!" मी वायर जोडली, प्लेअर पाटावर ठेवला, दांडी पंचेचाळीसवर. पिन आबांनीच टेकवली.

भोंगा खरखरला आणि ठेका सुरू झाला. पहिली दोन मिनिटं काहीच झालं नाही. मांडवातली तरुण मंडळी मोबाइल काढून हसत होती. मग समोरच्या गल्लीतून एक म्हातारी काठी टेकत आली, तिच्यामागे आणखी दोघी. एक गृहस्थ सायकल थांबवून उभे राहिले. एका घराच्या माळवदावर, सपाट छपरावर, कोणी तरी उठून उभं राहिलं. "कोनाघर लगीन शे?" म्हातारीने विचारलं, आणि अक्का पदर खोचत पुढे झाली, "मना नातनं! या, हयद लावा!" दहा मिनिटांत अंगण साठीच्या पुढच्या माणसांनी भरलं. त्यातल्या बऱ्याच जणांना आमंत्रण होतं, पण ते रात्रीच्या जेवणाला येणार होते. भोंगा ऐकून आत्ताच आले. दोन आजोबांनी तर फेर धरला.

डीजेवाला माझ्याजवळ आला. "सर, हे आहे काय? हा ट्रॅक कुठला?" मी सांगितलं. त्याने प्लेअरकडे, वायरींकडे बघितलं. "याची लाइन माझ्या मिक्सरला घेऊ का? आबांची हरकत नसेल तर."

आबांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. डीजेवाल्याने वायर जोडली आणि हळूच एक बटण वर नेलं.

भोंग्यातून जाड आवाज येत नाही. त्याची रचनाच तशी असते, बारीक आणि मधला आवाज तेवढा लांब फेकतो. त्यामुळे या रेकॉर्डच्या पोटात जो खालचा, घुमणारा सूर आहे, तो आबांनी कधीच ऐकला नव्हता. तो आता त्या पेट्यांमधून बाहेर आला. जमीन हलली. मांडवाचं कापड थरथरलं. चऱ्यांची खरखरही भिंतीएवढी मोठी झाली, पण तिच्याखालून तो सूर येतच राहिला.

आबा खुर्चीवरून उठले. पेट्यांपर्यंत चालत गेले आणि सगळ्यात खालच्या पेटीवर तळहात ठेवून उभे राहिले. मी धावत त्यांच्याजवळ गेलो, मला वाटलं आवाजाने त्यांना त्रास होतोय. त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या हाताशेजारी पेटीवर ठेवला.

"हाई बी व्हतं का यामा?" ते माझ्या कानाशी ओरडले.

"व्हतं, आबा. पहिलेपाईन व्हतं."

त्यांचे डोळे भरले होते. बाजू संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच हात ठेवून उभे होतो. नंतर ते अक्काला म्हणाले, "इतला वरीस आर्धंच ऐकं आपन." अक्काच्या हाताला कोपरापर्यंत हळद होती. "बरं व्हयनं," ती म्हणाली. "आर्धामाच मना कान फुटेल शेत."

रेकॉर्ड मी पुन्हा मागितली नाही. आबांनीही पुन्हा विषय काढला नाही. ती पिंपळनेरलाच आहे, गोणीच्या पिशवीत, पेटीच्या झाकणाला. ग्रुपवर मी फक्त तिच्या नंबराचा फोटो टाकला. दोन दिवस कल्लोळ झाला. कुठे सापडली, कोणाकडे आहे, विकणार का, सगळ्यांनी विचारलं. मी साक्रीच्या पलीकडे आहे एवढंच सांगितलं.

डीजेवाल्याने त्या दिवशीच ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. तो आता कार्यक्रमाआधी पेट्या तपासायला तीच लावतो, चऱ्यांसकट, पंचेचाळीसच्या वेगाने. त्याचं म्हणणं, पेटीची खालची आणि वरची दोन्ही टोकं एका झटक्यात तपासून होतात.

आम्ही दोन महिन्यांतून एकदा पिंपळनेरला जातो. मी पिन बदलतो, आबांच्या डोळ्यांत थेंब घालतो. जाताना कपाटातली एक रेकॉर्ड पिशवीतून काढून बरोबर नेतो. पहिल्यांदा फ्रान्सची नेली, मग इंग्लंडची. आबा ऐकतात आणि मत देतात. इंग्लंडची त्यांना कोरडी वाटली. मागच्या महिन्यात जपानची नेली. ती आत्तापर्यंत मीही दोनदाच वाजवली होती. त्यांच्या प्लेअरचा जड हात मी स्वतः तिच्यावर टेकवला.

अर्धी बाजू झाली असेल, अक्काने वरून हाक मारली. ती आणि माझी बायको माळवदावर नागलीचे पापड घालत होत्या आणि जागा कमी पडत होती. "दोन्ही बठेल शेत खाले राजासारखा! खाट लई या वर!"

आबांना एकट्याने खाट उचलवत नव्हती आणि मला एकट्याला जिन्यात वळवता येत नव्हती. आम्ही दोघांनी धरली. रेकॉर्ड खाली वाजत राहिली. जिन्याच्या वळणावर खाट अडकली, आबा म्हणाले, "तिरपी करा, आनखी तिरपी," आणि तिथे, अर्ध्या जिन्यात, थांबून ते खालचं ऐकायला लागले.

"जपाननी चांगली शे," ते म्हणाले. "चला, उचला."